बाबांनी लावलेलं फाटक

आमच्या बाबांना उघडं फाटक बघवत नसे. पुण्यात आमच्या सोसायटीचे ते अकरा वर्षं सेक्रेटरी होते आणि त्या काळात त्यांनी फाटकावरची पाटी तीनदा बदलली. पहिल्या पाटीवर ‘कृपया फाटक लावून घ्यावे’ होतं, तिसरीवरचं ‘कृपया’ गेलेलं होतं. एखादा पाहुणा फाटक उघडं टाकून वर आला, की त्याला पाणी द्यायच्या आधी बाबा चपला घालून खाली जायचे, कडी लावून यायचे आणि मग ‘बोला’ म्हणायचे. आई म्हणायची, हे देवळात गेले तरी आधी फाटक बघतील, मग देव.

आई गेल्यावर सव्वा वर्षानं मी त्यांना ऑकलंडजवळच्या हॅमिल्टनला घेऊन आले. मी तिथल्या हॉस्पिटलच्या फार्मसीत होते, नवरा दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात इंजिनियर. मुलगी दहा वर्षांची. आजोबांचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. सकाळी आठला आम्ही तिघं तीन दिशांना गेलो की बाबा आणि आमचा फ्रिज एवढेच घरात. दुपारी मी फोन केला की विचारायचे, काय गं, ह्या रस्त्यावर माणसं राहतात ना? सकाळपासून एक मांजर गेलं फक्त.

फ्रिजवर चुंबकाखाली त्यांच्या रेसिडेन्सीचा फॉर्म लावला होता. सगळा मीच भरला होता, फोटो चिकटवले होते, मेडिकल करून आणलं होतं. राहिली होती त्यांची सही. बाबांनी कायमचं इथं राहावं, एवढं एकच मला त्या वर्षी हवं होतं. पुण्यातल्या त्या तीन खोल्यांत ते एकटे, ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला विसरणारे, ह्या विचारानं मला झोप लागत नसे. सहीचा विषय काढला की ते म्हणायचे, बघू. त्यांचा व्हिजा ऑक्टोबरअखेर संपणार होता.

म्हणून मी चालणाऱ्यांचा एक ग्रुप शोधून काढला. एका गावातून निघायचं, शेतकऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या कुरणांतून, टेकड्यांवरून दुसऱ्या गावाला पोचायचं. दर दुसऱ्या शनिवारी पंधरा-वीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. पुढारी एक बाई होत्या, निवृत्त नर्स, बुटक्या आणि काटक. मी आधीच्या रविवारी बाबांना दुकानात नेऊन घोट्याच्या वरपर्यंत येणारे भक्कम बूट घेऊन दिले. बाबांना माणसं मिळतील, माणसं मिळाली की मन लागेल, मन लागलं की सही होईल, असा माझा सरळ हिशोब होता.

आणि खरंच, त्यांना ते आवडायला लागलं. कानटोपी, मफलर, हातात काठीऐवजी छत्री. छत्रीवरून ग्रुपमधले हसायचे, पण वसंतात तिथले मॅगपाय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्याच्या टाळक्यावर झडप घालतात. एका शनिवारी तशी झडप आली, तेव्हा बाबांनी शांतपणे छत्री उघडली आणि पुढारीणबाईंनाही आत घेतलं. त्या दिवसापासून कुणी हसलं नाही. घरी येऊन बाबा कॅलेंडर बघत म्हणाले, काय देश आहे बघ, ऐन पितृपक्षात वसंत ऋतू! मला वाटलं, चला, गाडी रुळावर येतेय.

ही हकीकत पाचव्या शनिवारची.

सकाळी गाड्या आधी दुसऱ्या गावाच्या हॉलपाशी लावून ठेवल्या आणि एका मिनीबसमधून सगळे पहिल्या गावाला आलो. गाव म्हणजे एक चर्च, एक शाळा आणि एक डेअरी. डेअरी म्हणजे तिकडे कोपऱ्यावरचं दुकान, दूध असतं पण दुधाचं नसतं. डेअरीच्या दारात उभं राहून पुढारीणबाईंनी त्या दिवशीचे नियम सांगितले. कुरणांत कोकरं झालेली आहेत, तेव्हा कुंपणाच्या कडेकडेनं चालायचं, आरडाओरडा नाही. आणि फाटकांचं नेहमीचंच. जे बंद दिसेल ते आपण उघडून परत बंद करायचं. जे उघडं दिसेल ते उघडंच ठेवायचं, कारण शेतकऱ्यानं ते काहीतरी मनात धरून उघडं ठेवलेलं असतं. रांग लांबते, शेवटच्या माणसाला फाटक मुळात कसं होतं ते दिसत नाही. म्हणून प्रत्येकानं मागच्यासाठी फाटकाशी थांबायचं, निरोप सांगायचा आणि मगच पुढं जायचं.

शेवटच्या माणसाला एक भगवं जाकीट देतात, लांबून दिसावं म्हणून. बाबा सावकाश चालायचे, त्यामुळे ते जाकीट त्या दिवशी त्यांना मिळालं. त्यांनी ते कोटावर चढवलं, बटणं लावली. माझ्याकडे बघून म्हणाले, हं, पुन्हा सेक्रेटरी. किती दिवसांनी त्यांचा तसा आवाज ऐकला मी.

सकाळ फार सुंदर होती हो. रात्री पाऊस पडून गेलेला, गवत इतकं हिरवं की डोळ्यांना खरं वाटेना. ओढ्याकाठच्या विलोच्या झाडांना नुकती पालवी फुटलेली, आणि एका घरामागे कोवायचं झाड पिवळ्या फुलांनी लगडलेलं. तारेवरून चढून जायला लाकडी पायऱ्या असत, तिथं बाबांना मी हात द्यायची. त्यांना ते नको असायचं, तरी मी द्यायची. वाटेत कुणी त्यांना काही विचारलं, की उत्तर माझ्याच तोंडून जायचं. हो, पुण्याचे. नाही, गुडघे ठीक आहेत. हो, त्यांना इथली हवा खूप आवडते. बाबा पुढं बघत चालत राहायचे.

तासाभरानं आम्ही दोघंच मागं राहिलो. एवढी छान सकाळ होती, गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी फॉर्मचा विषय काढलाच. बाबा म्हणाले, बघू.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बघू बघू म्हणून पाच महिने काढलेत तुम्ही, मी म्हटलं, आणि माझ्या जिवाला किती घोर आहे ते बघायचं मात्र राहूनच गेलं. आणखी बरंच बोलले. आईलाही मध्ये आणलं. बाबा छत्रीच्या टोकानं चिखल उकरत उभे राहिले. ते असे गप्प झाले की मला जास्तच राग येतो, लहानपणापासून. मी ताडताड पुढं निघून गेले.

पुढं एक फाटक होतं, लोखंडी, सताड उघडं. माझ्या पुढचे गृहस्थ, एक उंच निवृत्त मास्तर, तिथं माझ्यासाठी थांबले होते. ते म्हणाले, हे उघडंच होतं, उघडंच ठेवायचं, मागच्यांना सांग. मी मान डोलावली. ते गेले. आता मी थांबायला हवं होतं. बाबा असतील शंभर-सव्वाशे पावलांवर. पण थांबायचं म्हणजे त्यांच्याशी बोलायचं, आणि मला बोलायचं नव्हतं. मी चालू लागले.

वरच्या उंचवट्यावर पोचल्यावर मागं वळून पाहिलं. भगवं जाकीट फाटकाशी वाकलेलं होतं.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होते, की मला वाटलं ते बुटाची नाडी बांधतायत. खोटं आहे ते. मला दिसलं. फाटक फिरताना दिसलं, साखळी लावताना त्यांचा हात दिसला. आणि मी मनात म्हटलं, जाऊ दे, एवढं काय होणारे. परत खाली उतरायचा कंटाळा म्हणा, नाहीतर राग म्हणा.

त्यांनी मला गाठलं तेव्हा मागून कोकरांचा ओरडा सुरू झाला होता. आधी एक-दोन, मग पुष्कळ. बाबा थांबले. म्हणाले, ही इतकी का ओरडतायत गं? मी म्हटलं, मेंढ्या ओरडतातच बाबा, चला. ते आणखी दोनदा थांबले. तिसऱ्यांदा मी त्यांची बाही धरून त्यांना पुढं घेतलं.

दुसऱ्या गावच्या हॉलमध्ये चहा तयार होता. मोठी किटली, स्कोन नावाचे छोटे पाव, जॅम. बूट बाहेर काढून सगळे नुसत्या मोज्यांवर खुर्च्यांत बसले होते. मी बाबांना चहा आणून दिला, साखर मीच घातली. तेवढ्यात बाहेर चार चाकांची ती शेतातली मोटरसायकल येऊन थांबली आणि शेतकरी दारात उभा राहिला. पन्नाशीचा, अंगावर चिखल, पायात गमबूट. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यानं पुढारीणबाईंना सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं. मेंढ्या आणि कोकरं त्याला नव्या गवतात न्यायची होती. कुत्री लावून हाकललं की पिल्लं आयांपासून तुटतात, म्हणून त्यानं सकाळी फाटक उघडून ठेवलं होतं, आपापल्या चालीनं जाऊ देत म्हणून. आया पुढं गेल्या, पिल्लं मागं ऊन खात झोपली होती. नेमकं तेव्हा कुणीतरी फाटक बंद केलं. आता आया एकीकडे, पिल्लं दुसरीकडे, काही तारेतून घुसायला जाऊन अडकलीत. दरवर्षी तुम्हाला इथून जाऊ देतो, तो म्हणाला. कुणी लावलं एवढं फक्त सांगा.

सगळ्यांना ठाऊक होतं शेवटी कोण होतं. भगवं जाकीट बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर लटकत होतं. आणि माझ्या मनात त्या क्षणी एकच आलं, की आता ह्यांना सगळ्यांसमोर लाज वाटणार, पुन्हा ह्या माणसांत येणार नाहीत, आणि सही गेली.

"मी लावलं," मी म्हटलं. "सॉरी. माझ्या लक्षात आलं नाही."

शेतकरी माझ्याकडे बघायला लागला. पुढारीणबाईही. आणि बाबांनी कप खाली ठेवला, बशीवर अगदी मधोमध, आणि मोज्यांवरच उभे राहिले.

"सर, फाटक मी लावलं," ते इंग्लिशमध्ये म्हणाले, ऑफिसात साहेबांसमोर बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून. "माझी मुलगी तेव्हा पुढं गेली होती. मला वाटलं कुणीतरी विसरलं. फार मोठी चूक झाली. आता मी काय करू शकतो ते सांगा."

मी मध्ये पडले. हे एकाहत्तर वर्षांचे आहेत, ह्यांना ब्लडप्रेशर आहे, मी येते. बाबांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. चौथीत असताना मी त्यांच्या पेनाचं निब मोडून पेन परत खिशाला लावून ठेवलं होतं, तेव्हा पाहिलं होतं तसं. मी बसले.

शेतकरी बाबांकडे वळला. म्हणाला, फाटकाशी उभं राहायला एक माणूस मिळाला तर मला पाहिजेच आहे. मग, हसत नव्हता पण आवाज उतरला होता, म्हणाला, "साखळी मात्र पक्की लावलीत हं. शहरातल्या माणसाला ती कधी नीट लावता येत नाही."

बाबा बूट घालून त्याच्यामागं गेले. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसले, छत्री मांडीवर आडवी.

दीड तास. बाकीचे हळूहळू पांगले, पुढारीणबाई माझ्यासाठी थांबल्या. मला वाटलं त्या आता रागावतील, निदान ग्रुपचं नाव खराब झालं असं तरी म्हणतील. त्यांनी कप धुतले, पुसले, आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, तुझ्या वडिलांना इतकं चांगलं इंग्लिश येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं, पाच वेळा बरोबर चाललो आणि आज पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला. अगदी सहज बोलल्या हो त्या, टोमणा म्हणून नाही. मला तोंडात मारल्यासारखं झालं. बाबांनी सदतीस वर्षं इरिगेशन खात्यात इंग्लिशमधून पत्रव्यवहार केला होता, आणि मी त्यांच्या चहात साखरसुद्धा ढवळून देत होते.

बाबा परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात. कानटोपी खिशात, बोटांना लोकरीचा तेलकट वास. चेहऱ्यावर असा काही उजेड की आई गेल्यानंतर मी तो पाहिलाच नव्हता. बोलायला थांबेचनात. फाटक किती उघडायचं ते शेतकऱ्यानं कसं त्यांच्यावरच सोडलं होतं, पिल्लू आवाजावरून आई कशी शोधतं, आई आधी हुंगून बघते आणि मगच पिऊ देते, दुसऱ्याचं असलं तर टक्कर मारते. एक पिल्लू शेवटपर्यंत राहिलं होतं. त्याची आई पार वरच्या टोकाला चरत होती, तिला पत्ताच नाही. मग ते गेलं एकदाचं. एकही मेलं नाही गं, ते दोनदा म्हणाले. पुढच्या वर्षीही या, असं त्यानं सांगितलंय, ग्रुपला सांग.

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, सही झाली. आता हे इथलेच.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मी चालवत होते. अजून चांगलं ऊन होतं, दोन्ही बाजूंना गाई दूध काढून घ्यायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, बाबा, मग आता सही करून टाकायची ना?

"नाही," ते म्हणाले. "मी परत जाणार."

मी गाडी बाजूला घेतली. काय झालं, कुणी काही बोललं का, मी विचारलं. ते म्हणाले, कुणी काही बोललं नाही, चांगली माणसं आहेत.

"तू पुढच्या माणसाशी बोलताना मला दिसलं होतं लांबून," ते म्हणाले. "त्यानं निरोप दिला असणार. दिला होता ना?"

मी हो म्हटलं.

"मग तुझी चूक तू सांगायची होतीस. माझी मी सांगितलीच असती. तू माझी सांगितलीस, आणि तुझी तशीच राहिली."

मला रडू आलं. रागाचं आलं आधी. मी म्हटलं, तुमच्यासाठीच केलं ना, तुम्हाला लाज वाटू नये म्हणून. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, चिखलाचा. म्हणाले, अगं, लाज वाटली मला. वाटू दे की. लाज वाटली म्हणूनच तर उठलो, गेलो, निस्तरून आलो. पाच महिन्यांत आज पहिल्यांदा मी काहीतरी केलं. पण तू परत तसंच करणार. तुझा स्वभाव आहे, आईवर गेलीस. डॉक्टरकडे मला कुठं दुखतं ते तू सांगतेस. तिथं पुण्यात माझं चुकलं तर चार लोक मला बोलतील. मी ऐकून घेईन नाहीतर भांडेन. गोळ्या विसरीन कधी. विसरू दे.

मी रुमाल शोधला, नाक पुसलं आणि गाडी सुरू केली. पुढारीणबाईंना मी सोमवारी फोन करून त्या निरोपाचं सांगितलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या. शेतकऱ्याचा नंबर घेऊन त्यालाही सांगितलं. फोन ठेवल्यावर बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, झालं का? एवढंच.

फॉर्म फ्रिजवरून त्यांनीच काढला. फाडला वगैरे नाही. घडी घालून माझ्या कागदांच्या फाइलीत ठेवला, आणि चुंबक मुलीला दिला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना सोडायला ऑकलंडच्या विमानतळावर गेलो. काउंटरपाशी मी सवयीनं त्यांच्या पुढं जायला लागले आणि थांबले. दोन पावलं मागं सरकून उभी राहिले, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून. काउंटरवरच्या मुलीनं काहीतरी विचारलं, बाबांना कळलं नाही. तिनं परत विचारलं. मला कळलं होतं. उत्तर माझ्या ओठांवर होतं, आणि देवाशपथ सांगते, ते गिळणं मला आयुष्यात इतकं जड कधीच गेलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला बाबांना कळलं. सीट त्यांनी वाटेच्या बाजूची मागून घेतली.

मग सामान जास्त भरलं. तीन किलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काहीतरी काढावं लागेल. बाबा तिथंच जमिनीवर मांडी घालून बसले, बॅग उघडली. मी नातेवाइकांसाठी, सोसायटीतल्या लोकांसाठी मधाच्या बरण्या रांगेनं कपड्यांत गुंडाळून दिल्या होत्या, आदल्या दिवशी दोन तास खपून. आणि बरण्यांच्या शेजारी पिशवीत ते बूट होते, जाडजूड, त्या कुरणातला चिखल अजून तळव्यांत वाळलेला. आता एवढे जड बूट पुण्यात काय करायचेत, मी मनात म्हटलं. मोठ्यानं नाही म्हटलं.

बाबांनी एकदा बूट हातात घेऊन बघितले, एकदा बरण्या. मग एकेक करून मधाच्या सगळ्या बरण्या माझ्या हातात दिल्या, बूट नीट बसवले, बॅगेची चेन स्वतः ओढली आणि उठताना गुडघ्यावर हात टेकला. मी हात पुढं केला नाही. दोन्ही हातांत बरण्याच होत्या.